राणीचा रुपया गेला कुठे?

भामरागडच्या आठवडी बाजारात चहावाल्याने माझी दहाची दोन नाणी परत केली. "इकडे नाई चालत भाऊ." नाणी चकचकीत, दोन रंगांची, भारत सरकारची. दहाची सगळ्या नमुन्यांची नाणी वैध आहेत, हे रिझर्व्ह बँकेने पुन्हा पुन्हा जाहीर केलंय; पण चहाच्या टपरीवर रिझर्व्ह बँकेचं काही चालत नाही. मोबाइलवरून पैसे द्यावेत तर नेटवर्क गेलेलं. खिसा उलटापालटा करून एक मळकी नोट सापडली, ती त्याने निमूट घेतली. नाकारलेली दोन नाणी खिशात घालून मी पुढे गेलो.

दहा-बारा पावलांवर चिंचेची टोपली पुढ्यात घेऊन एक म्हातारी बसली होती. गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांच्या सरी, आणि त्यांच्या खाली छातीवर नाण्यांची माळ. मी चिंच घ्यायला वाकलो आणि नजर माळेवरच अडकली. अकरा नाणी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर सोनाराने डाग देऊन बसवलेलं छोटं नाकं, त्यातून ओवलेला काळा दोरा. मधोमध एक मोठा रुपया, झिजून गुळगुळीत झालेला; मुकुट तेवढा ओळखू येत होता, नाक पार गेलेलं. शेजारी सहावे जॉर्ज, टक्कल पडल्यासारखे. त्यांच्या खांद्याला खांदा लावून पोलादी पंचवीस पैसे, ज्यावर गेंडा असायचा ते. मग स्वतंत्र भारताचा एक रुपया, मग पुन्हा एक जॉर्ज. तिच्या नातवाने, आश्रमशाळेत शिकणाऱ्या पोराने, मधला रुपया माझ्यासाठी उलटा केला. मागे वेलबुट्टीच्या चौकटीत १८६२.

"राणीवाला हाय तो," पोरगा म्हणाला. "इकत नाई म्हन्ते ते."

मी विकत मागितलाच नव्हता. पण शहरातला माणूस नाण्याकडे पाहतो म्हणजे विकत घ्यायलाच पाहतो, एवढा अनुभव त्या बाजाराला असावा.

तिथून तीनेक किलोमीटरवर हेमलकसा. परतताना डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. सव्वाशे वर्षांत इंग्रजांच्या टाकसाळींनी या देशात अमाप रुपये पाडले. राणीछाप, राजाछाप, आणे, चवल्या, पावल्या, भोकाचे पैसे. ते सगळं गेलं कुठे? वितळलं, पुरलं, गळ्यात गेलं, की आणखी कुठे?

सुरुवात रुपयाच्या वजनापासून करायला हवी. सगळी मेख तिथेच आहे. १८३५ पूर्वी हिंदुस्थानात एक रुपया नव्हताच, अनेक रुपये होते. सुरती, चांदवडी, अंकुशी, इकडे भोसल्यांचा नागपुरी. प्रत्येकाची चांदी वेगळी, प्रत्येकाचा भाव वेगळा. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ तो हातात घ्यायचा, दगडावर वाजवायचा, कसाला लावायचा आणि आपला बट्टा कापून घ्यायचा. आपण आज "घराण्याच्या नावाला बट्टा लागला" म्हणतो तो हाच बट्टा. पोतदार, सराफ, नाणवटी ही आडनावंही याच धंद्यातली. माणसाची पारख "नाणं खणखणीत आहे" अशा शब्दांत करायची सवय त्याच दगडावर लागलेली आहे.

१८३५ च्या कायद्याने कंपनीने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, म्हणजे आपल्या हिशेबाने ११.६६ ग्रॅम, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. दोनच वर्षं आधी, १८३३ मध्ये, तोळाही १८० ग्रेनांचा केला होता. म्हणजे रुपया हेच वजन झालं. ऐंशी रुपये पारड्यात टाकले की एक शेर. खेड्यातल्या सोनाराकडे मापं नसली तरी अडत नसे. एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला सोनं. टपालखातंही पत्राचं वजन तोळ्यातच मोजायचं.

या एका गोष्टीने रुपयाला दोन आयुष्यं मिळाली. एक बाजारातलं, दुसरं धातूचं. बाजारातलं आयुष्य सरकारच्या हातात होतं. धातूचं सरकारच्या हातात कधीच नव्हतं. जंगलात रुपया पोचला तो मुख्यतः या दुसऱ्या आयुष्यासाठी.

भामरागडचा हा मुलूख १८५३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांचा, निदान कागदोपत्री. शेवटचे रघुजी वारले, गादी खालसा झाली, १८५४ मध्ये चांदा हा इंग्रजी जिल्हा झाला. प्रत्यक्षात इथे अहेरीसारख्या जमीनदाऱ्यांचा अंमल, आणि त्याहून आत माडिया-गोंडांचा स्वतःचा. मीठ, लोखंड आणि कापड एवढंच बाहेरून यायचं. मीठ यायचं समुद्रावरून, बैलांच्या पाठीवर, लमाणांच्या तांड्यांबरोबर. बदल्यात चारोळी, मध, मेण, मोह. चारोळीच्या बदल्यात मीठ, वजनाला वजन, हा सौदा दंडकारण्याच्या या टापूत पिढ्यान् पिढ्या चालला. शहरात चारोळी कुठल्या भावाने जाते आणि मीठ कुठल्या, हे ज्याला माहीत आहे त्याला त्या तराजूचं वेगळं वर्णन नको. रुपया या सौद्यात आलाच तर खर्चायला येत नसे. आला की थांबायचा.

थांबायचा कुठे, तर गळ्यात. यात "आदिवासी भाबडे, पैसे दागिन्यासारखे घालतात" असं म्हणण्यासारखं काही नाही. बँक शंभर मैलांवर, घर बांबूचं, पावसाळ्यात नद्या चढल्या की चार-सहा महिने जगाशी संबंध तुटलेला. अशा ठिकाणी शुद्धतेची सरकारी हमी असलेली, ठरीव वजनाची चांदी अंगावर ठेवण्याइतकी शहाणी गुंतवणूक दुसरी कोणती? सोनाराने केलेल्या दागिन्यात किती भेसळ आहे हे सोनारालाच ठाऊक. रुपयात किती आहे हे सगळ्यांना ठाऊक. हवा तेव्हा दोरा तोडा, एक नाणं काढा, बाकीची माळ शाबूत.

आणि ही काही जंगलातली रीत नव्हे. लग्नाच्या अल्बमांत मराठी बायका मिरवतात ती पुतळ्यांची माळ म्हणजे काय? पुतळी हे मुळात व्हेनिसचं सोन्याचं नाणं. त्यावरच्या आकृत्या आपल्या लोकांना बाहुल्यांसारख्या दिसल्या, म्हणून पुतळी. व्यापाऱ्यांबरोबर किनाऱ्यावर आलेलं परदेशी चलन आपण गळ्यात घातलं, पुढे सोनारांनी त्याच्या नकला पाडल्या, आणि आता तो "पारंपरिक मराठी दागिना" झाला. पुतळीहार घालून हेमलकशाला सहलीला यायचं आणि माडिया बाईच्या गळ्यातल्या नाण्यांचा फोटो काढायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. दोघींनी एकमेकींच्या माळा चाचपून पाहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रुपयाच्या आधी कवडी होती. मध्य हिंदुस्थानात आणि ओडिशाच्या बाजूला कवड्यांत व्यवहार चालत. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण. कवडी चलनातून गेली ती कुठे गेली? इंद्रावतीपलीकडचे दंडामी माडिया गवराच्या शिंगांचा मुकुट घालून नाचतात, त्याच्या कवड्यांच्या झालरी चेहऱ्यावर रुळतात. आपल्याकडे तुळजाभवानीच्या आराध्यांच्या, गोंधळ्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. आधी कवडी गेली देवाकडे आणि नाचाकडे, मागाहून राणी गेली. भामरागडच्या त्या माळेत तर एवढ्याशा दोऱ्यावर तीन राजवटी होत्या.

आता बाजारातल्या आयुष्याकडे येऊ. त्यातले दोन-तीन प्रसंग सांगण्यासारखे आहेत.

१८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावं आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत अशी सोय होती. जगभर चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाही घसरला; दोन शिलिंगांचा रुपया शिलिंग-सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. लंडनला द्यायचा वार्षिक खर्च पौंडांत, महसूल रुपयांत. सरकारचं कंबरडं मोडायची वेळ आली. तेव्हा ही सोय बंद केली. पुढे रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्सांवर बांधला, म्हणजे पंधरा रुपयांना एक सोन्याचा पौंड. आपण त्याला गिन्नी म्हणत राहिलो. खरी गिन्नी एकवीस शिलिंगांची आणि ती पाडणं १८१४ मध्येच थांबलेलं. पण मराठीने एकदा नाव दिलं की दिलं.

मग पहिलं महायुद्ध. चांदी इतकी महागली की रुपया वितळवला तर दर्शनी किमतीपेक्षा जास्त पैसे सुटू लागले. १९१७ मध्ये सरकारने नाणी वितळवणं, एवढंच नव्हे तर चलनाखेरीज त्यांचा वापर करणं बेकायदा ठरवलं. त्या हुकमानुसार माळ घातलेली प्रत्येक माडिया बाई गुन्हेगार होती. तिला ते कोणी सांगायला गेलं नाही, गेला असता तर परत येताना मलेरिया घेऊन आला असता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला एक रुपयाची कागदी नोट आली. शेवटी अमेरिकेने आपल्या साठ्यातली चांदी काढून दिली तेव्हा हिंदुस्थानातली टंचाई हटली.

दुसऱ्या महायुद्धात हाच खेळ पुन्हा. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडल्याची बातमी आली आणि लोक नोटा घेऊन रुपयांसाठी रांगा लावू लागले. गरजेपेक्षा जास्त नाणी बाळगणं गुन्हा झाला, एक रुपयाची नोट परत आली, आणि रुपयातली चांदी निम्म्यावर उतरवली. नंतर जुने रुपये क्रमाने चलनातून बाद झाले: राणीचे १९४१ मध्ये, सातव्या एडवर्डचे १९४२ मध्ये, जॉर्ज राजांचे अकरा भाग चांदीचे १९४३ मध्ये. म्हणजे भामरागडच्या म्हातारीच्या गळ्यातली राणी कायद्याने ती जन्मायच्या आधीच बाद झालेली असणार. युद्धात अमेरिकेने सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी उसनी दिली. ती फेडायला स्वतंत्र भारताने काय केलं? हीच निम्म्या चांदीची नाणी गोळा करून कोलकात्याच्या अलीपूरला गाळली. राणीचा रुपया कुठे गेला या प्रश्नाचं एक मोठं उत्तर इथे आहे: बँकेच्या हाती लागला तो भट्टीत गेला. ज्यांनी बँकेवर विश्वास ठेवला नाही त्यांच्याकडेच तो उरला.

तांब्याचीही गत तीच. युद्धात धातू वाचवायचा म्हणून १९४३ पासून पैशाच्या मधोमध भोक पाडलं. भोकाचे पैसे आमच्या घरी पंचवीस-तीस तरी होते. आजीने त्यांचा उपयोग परकराच्या नाडीचं टोक ओवायला केला. चकतीसारखा पैसा बांधला की नाडी आत जात नाही.

इथे वाचकाच्या कामाचं थोडं सांगतो, कारण मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. आजोबांनी ठेवलेले सात रुपये मी एका शहरातल्या सराफाकडे घेऊन गेलो होतो. त्याने सगळे एकत्र तोलले, "निम्मी भेसळ आहे" म्हणाला आणि तो भाव दिला. घरी येऊन यादी पाहिली तेव्हा कळलं, सातांपैकी पाच १९२० च्या आतले होते. सोपा हिशेब असा. १९३९ पर्यंतचा रुपया म्हणजे बारात अकरा भाग चांदी. १९४० ते १९४५ चा म्हणजे निम्मी चांदी. त्याच्या कडेला नक्कल टाळण्यासाठी मधोमध खास खाच असते. १९४७ चा निकेलचा, मागे वाघ, चुंबकाला चिकटतो. १९३९ चा रुपया फार दुर्मिळ, म्हणूनच बाजारात दिसतो तो बहुधा बनावट. आणि १८६२ साल पाहून हुरळून जायचं नाही. तेच साल पुढे १८७४ पर्यंत साच्यावर कायम ठेवलं होतं. नेमकं वर्ष ओळखायचं ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून. म्हातारीच्या रुपयावरचे ठिपके झिजून गेले होते.

या कोपऱ्याची आणखी एक गंमत आहे, ती पुण्या-मुंबईच्या लोकांना ठाऊक नसते. सिरोंचाला प्राणहिता आणि गोदावरी भेटतात. नदीच्या अलीकडे इंग्रजी मुलूख, पलीकडे निजामाचा. अलीकडे कलदार, पलीकडे हाली सिक्का. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला, कडा सारख्या असलेला तो कलदार. हाली रुपया निजामाचा स्वतःचा. भाव सात हालीला सहा कलदार. बाजाराला नदी ओलांडून गेलं की डोक्यात सातास सहाचा हिशेब चालू करायचा. उत्तरेला चांदा, पूर्वेला बस्तर संस्थान, दक्षिणेला निजाम. आणि मधे ज्यांना यांपैकी कोणाच्याच नाण्याची फारशी गरज नव्हती असे लोक. हाली सिक्का १९५० च्या दशकात बाद झाला. कलदार हा शब्द मात्र मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी खूप वर्षं टिकला.

आता शब्दांकडे वळायला हरकत नाही, कारण ब्रिटिश रुपयाचा सगळ्यात मोठा साठा आज तिथेच आहे.

रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. एका रुपयात चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पया. शाळेत ज्यांना हे पाठ करावं लागलं त्यांनी शिव्या दिल्या, पण या रचनेत एक शहाणपण होतं: प्रत्येक नाणं वरच्याच्या निम्मं. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. बाजारात वस्तू अर्धी करतात, पाव करतात. कोणी तिचे दहा भाग करत नाही. म्हणून तर शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे होते. साडेतीनचा पाढा तोंडपाठ असलेला मुलगा आज कुठल्या शाळेत सापडेल? १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि हे पाढे एका पिढीत पुसले गेले.

त्या दिवशीचा घोळ आठवणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. आण्याचे खरे सव्वासहा नवे पैसे. सव्वा पैसा द्यायचा कसा? म्हणून कोष्टक निघालं: एक आणा म्हणजे सहा, दोन म्हणजे बारा, तीन म्हणजे एकोणीस, चार म्हणजे पंचवीस. एकेक आण्याच्या चार वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर चोवीस, एकदम घेतल्या तर पंचवीस. वाण्याला बरोब्बर उलटं हवं असायचं. १९६४ मध्ये "नवा" हा शब्द नाण्यावरून गेला. राज्य ज्यांचं होतं त्या इंग्रजांना मात्र स्वतःचे बारा पेन्सांचे शिलिंग आणि वीस शिलिंगांचे पौंड सोडायला १५ फेब्रुवारी १९७१ उजाडावं लागलं. या बाबतीत आपण साहेबाच्या चौदा वर्षं पुढे.

नवा पैसा आला, पण आणा हटला नाही. तो नाण्यातून उठून भागाकारात जाऊन बसला. "काम बारा आणे झालं." "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." सोळा आणे खरं. यातल्या कुठल्याच वाक्यात पैशाचा संबंध नाही. आणा म्हणजे एक सोळांश, बस्स. विदर्भात मालगुजारीच होती तशी. गाव म्हणजे सोळा आणे. कोणी आठ आण्यांचा मालगुजार, कोणी दोन आण्यांचा. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तरी जुन्या वाटणीच्या कागदांत हिस्से आणे-पयांतच आहेत, आणि ते उलगडायला वकिलाला आजही सोळाचा पाढा लागतो.

सगळ्यात बळकट आणा सापडतो तो महसूल खात्यात. पीक किती आलं हे ठरवायची पद्धत म्हणजे आणेवारी. पूर्ण पीक सोळा आणे. प्रत्यक्षात किती आणे? १९१८ चा खेड्याचा सत्याग्रह याच आकड्यावरून पेटला. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब, असा नियम होता. शेतकरी म्हणत चार आण्यांच्या आत आहे, सरकार म्हणे नाही. पुढे आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांची रेघ आली. आजही दर वर्षी धान कापणीच्या सुमारास चंद्रपूर-गडचिरोलीच्या वर्तमानपत्रांत बातमी असते: अमुक गावांची नजरअंदाज पैसेवारी पन्नासच्या वर, तमुक गावांची खाली, मग सुधारित, मग अंतिम. केंद्राने २०१६ मध्ये दुष्काळ ठरवण्याचे नवे निकष आणले, उपग्रह आले, जमिनीतला ओलावा आला. गावात मात्र लोक तलाठ्याला एकच विचारतात, "किती पैसे लावले?" पन्नास पैशांचं नाणं दुकानात कोणी घेत नाही, पण त्याच पन्नास पैशांवर गावाची सवलत ठरते.

लहान नाण्यांच्या वाट्याला दारिद्र्याचे वाक्प्रचार आले. फुटकी कवडी नाही, दमडी नाही, छदाम नाही. दमडी आणि छदाम यांच्या पोटात अकबराचा दाम आहे, तांब्याचा, रुपयाला चाळीस. दामदुप्पट त्याच दामाची. व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा आपला जुना नियम इंग्रजांच्या न्यायालयांनीही मानला. इंग्रजीत एखाद्या गोष्टीची पर्वा नाही हे सांगायला "डॅम" म्हणतात, तो हाच दाम असल्याचं हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन कोशाने सुचवलं. पुढच्या कोशकारांनी ते मानलं नाही. आपल्याला मानायला आवडलं असतं, तो भाग वेगळा. खुर्दा म्हणजे तांब्याची चिल्लर; शत्रूचा खुर्दा उडवतात तेव्हा त्याची मोडच केलेली असते. ढब्बू पैशाचा आकार मिरचीला चिकटला. आणि पावसाला पैशाची लाच देऊन वर तो खोटा निघाला म्हणून सांगणारं बालगीत, ते तर प्रत्येक मराठी पोराच्या कानावर बोलायला शिकायच्या आत पडतं. खोट्या नाण्याशी पहिली ओळख तिथे.

साहेबाच्या देशातही हाच कारखाना. शिलिंगाला बॉब, सहा पेन्सांना टॅनर, पौंडाला क्विड. पंचवीस पौंड म्हणजे पोनी आणि पाचशे म्हणजे मंकी. ही दोन नावं हिंदुस्थानातून परतलेल्या सोल्जरांनी नेली, पाचशेच्या नोटेवर माकड होतं, अशी कथा लंडनमध्ये हौसेने सांगतात. अशी नोट कोणी दाखवलेली नाही. आपल्याकडे जनावरांऐवजी बांधाबांध: लाखाची पेटी, कोटीचा खोका. हे मुंबईच्या खंडणीबाजारातलं बोलणं २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर घोषणा होऊन आलं आणि गल्लीतल्या पोरांपर्यंत पोचलं. बोलीभाषेतला पैसा नेहमी दोन टोकांना जन्मतो, जिथे फार थोडा आहे तिथे आणि जिथे मोजता येत नाही तिथे. मधल्या पगारदाराने पैशाला एकही चांगलं टोपणनाव दिलेलं नाही. त्याचं आपलं पेमेंट.

राहिलं शेवटचं ठिकाण, फसवणुकीचं. राणीच्या रुपयाला आज सर्वांत जास्त भाव तिथेच आहे. मोबाइलवर जाहिरात येते: वैष्णोदेवीचं नाणं, ७८६ आकड्याची नोट, ट्रॅक्टरच्या चित्राची पाचाची नोट द्या, लाखो मिळवा. आधी "नोंदणी शुल्क" भरा. या धंद्यात आपलं नाव वापरलं जातंय हे पाहून रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आमचा काही संबंध नाही.

त्याहून वाईट प्रकार तांदूळ ओढणाऱ्या नाण्याचा. ईस्ट इंडिया कंपनीचं, १८१८ सालचं, एका बाजूला राम-सीता-हनुमान, दुसऱ्या बाजूला "वन आना". त्याच्यात दैवी शक्ती आहे, ते तांदळाचे दाणे खेचतं, परदेशातले शास्त्रज्ञ त्याला कोट्यवधी देतात. दाणे लोखंडाच्या भुकटीत घोळवलेले असतात आणि खाली चुंबक असतं. पण हातचलाखी पकडायचीही गरज नाही. कंपनीने रामपंचायतनाचं नाणं कधी पाडलंच नाही. देवस्थानांच्या बाहेर विकले जाणारे रामटंके हे यात्रेकरूंसाठीचे बिल्ले. आणि एक आण्याचं स्वतंत्र नाणं आलं १९०७ मध्ये, सातव्या एडवर्डच्या काळात, फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडेचं. १८१८ चा एक आणा म्हणजे शाहू महाराजांच्या सहीचं आधार कार्ड. तरी माणसं शेत विकून अडकतात, आणि गुप्तधनाच्या नादी लागून त्याहून भयंकर गोष्टी करतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाचा उल्लेख उगाच आलेला नाही.

गुप्तधनाचा कायदा आणखी जुना, १८७८ चा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक. तेव्हा दहा रुपये म्हणजे दहा तोळे वजनाची चांदीची नाणी. कायद्यातला आकडा आजही दहाच आहे. माझ्या खिशातलं, चहावाल्याने नाकारलेलं, ते दहा.

ते मी म्हातारीपुढे बाहेर काढलं होतं, चिंचेचे पैसे द्यायला, आणि मग आठवून परत खिशात घालू लागलो. तिने हात पुढे केला. नातवाला काहीतरी म्हणाली.

"तोच द्या म्हन्ते. दोन रंगाचा."

"बाजारात चालत नाही ना इकडे?"

पोरगा हसला. "बाजारासाठी नाई मागून रायली ते."

मी दोन्ही दिली. तिने एक उचललं, बाजूच्या दगडावर टाकून कान दिला. दोन धातू जोडलेलं ते, बद्द वाजलं. तिने तोंड वाकडं केलं, नाणं पुन्हा उन्हात धरून त्याची पिवळी कड फिरवून पाहिली, आणि मग दोन्ही पदराच्या गाठीत बांधून माझ्यासाठी चिंच मोजायला घेतली.